मंगळवार ते मंगळवार

बेहेडपाडा, खोडाळ्याजवळ
९ फेब्रुवारी २०२५

दिपेश,

सुदर्शनशेठ आज पाड्यावर येऊन गेला. त्याचा ड्रायव्हर या महिनाअखेर काम सोडतोय. जव्हार-मोखाडा-खोडाळा फेरीची जीप एक मार्चपासून तुला द्यावी का, असं विचारत होता. तुला नाही, मला विचारत होता. म्हणाला, तू त्याची मोठी बहीण, तू सांगशील तसं.

मी सांगितलं, द्या. सात महिने झाले, दारूला हात लावलेला नाही. दर मंगळवारी जव्हारला केंद्रात जाऊन बसतो, एक मंगळवार चुकवलेला नाही. शेठ हो म्हणाला. मीही एक गोष्ट कबूल करून घेतली. माझ्या पाड्यांतली कुठलीही बाई अडली आणि अँब्युलन्स लांब असली, तर जीप फेरी सोडून आधी तिच्यासाठी येणार. आशा सेविकेचं काम करताना गाडीसाठी मी किती वेळा रस्त्यावर उभी राहिले आहे, ते तुला माहीत आहे.

म्हणजे आता दोन शब्द माझ्या नावावर आहेत. एक शेठला दिलेला, एक बायांना.

मी फोन न करता पत्र का लिहिते म्हणून हसू नकोस. टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही हे खरंच, पण कारण ते नाही. तू पीत होतास तेव्हाही फोनवर तुझा आवाज अगदी बरा असायचा. "सगळं ठीक आहे, बाय." चार वर्षं मी त्या आवाजावर विसंबले. कागदावर तू काय लिहितोस ते मला बघायचं आहे. पत्र जीपवाल्याकडे दे, दुसऱ्या दिवशी मला मिळतं.

गोदीला सांग, तिने पाठवलेल्या वालाच्या शेंगा संपल्या. तुझे दाजी अजून आठवण काढतात.

रंजना


दाभोसा
१२ फेब्रुवारी

बाय,

जीपची बातमी वाचून गोदीने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः परत वाचलं. मग काही न बोलता भाकऱ्या थापायला बसली. लग्न झाल्यापासून बघतो, ती आनंदात असली की अशीच गप्प होते.

केंद्र तू बघितलेलं नाहीस, म्हणून सांगतो. जव्हारला बाजाराच्या मागे जुन्या गोदामाच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत आम्ही नऊ-दहा जण सतरंजीवर गोल करून बसतो. प्रत्येकाने आपला आठवडा सांगायचा. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही. मग योगिता मॅडम एकेकाला आत बोलावतात, वीस-पंचवीस मिनिटं. पहिला महिनाभर मी आत जाऊन नुसता पंख्याकडे बघत बसायचो. त्या पण बसायच्या. एकदा मला रडू आलं, तेव्हा त्यांनी नुसता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. महिन्यातून एकदा डॉक्टर येतात, झोपेच्या आणि डोक्याच्या गोळ्या बघून कमी-जास्त करतात.

काल मॅडमनी विचारलं, आता मोह पडायला लागेल, घरोघरी दारूसाठी फुलं वाळत घालतील, तेव्हा काय करशील? मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, बघू हे उत्तर नाही, पुढच्या मंगळवारी उत्तर घेऊन ये. माझ्याबरोबर यायला लागलेला जिव्या तीन मंगळवार आलेला नाही. तो वीटभट्टीवर गेला असं कळलं. त्याची जागा आम्ही मोकळी ठेवतो.

बाय, लोकांना वाटतं दारू सुटली म्हणजे संपलं. मला विचार. आठवड्याचे सहा दिवस मी मंगळवाराकडे तोंड करून चालतो. तो दिवस आला की खाली बसतो आणि दुसऱ्या दिवशी परत चालायला लागतो.

शेठला सांग, एक तारखेला हजर होतो.

दिपेश


बेहेडपाडा
१६ फेब्रुवारी

दिपेश,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. दाजींना पंख्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, मला कोणी वीस मिनिटं गप्प बसायला दिलं तर मी पण जाईन.

एक काळजी आहे, ती सांगून ठेवते. आमच्या पाड्यावरची रुपी, करणची बायको, तिला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पहिलं मूल घरीच झालं आणि वाचलं नाही, हे तुला आठवत असेल. या वेळी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आहे की बाळंतपण जव्हारलाच करायचं, मोखाड्यातही थांबायचं नाही. करण भट्टीवर न जाता तिच्यासाठी घरी राहिला आहे. मी त्याला सांगितलं, माझा भाऊ जीपवर येतोय, गाडीची चिंता करू नको.

मोहाचं उत्तर मंगळवारी काय दिलंस ते कळव.

रंजना


दाभोसा
२० फेब्रुवारी

बाय,

परवाचा मंगळवार फार चांगला गेला. मोहाचं उत्तर मी तयार करून नेलं होतं. सांगितलं की मोह पडेल तितके दिवस सकाळी घरी थांबणार नाही, जीपवर जाईन, आणि गोदी घरात फूल आणणार नाही. मॅडमना ते पटलं. गटातही सगळे मान डोलवत होते.

मग आत गेल्यावर त्यांनी विचारलं, स्टेरिंगवर बसलास की पहिली आठवण कोणाची येईल? मी म्हटलं, बापाची. त्याने मला बैलगाडीवर पुढे बसवून कासरा हातात दिला होता, ती गोष्ट सांगितली. बोलता बोलता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, दिपेश, तुला आता फारसं यावं लागणार नाही. जाताना चहा दिला.

तुला बरं वाटावं म्हणून सगळं लिहिलं. रुपीला सांग, गाडी येईल.

दिपेश


बेहेडपाडा
२२ फेब्रुवारी

दिपेश,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

मंगळवारी, अठरा तारखेला, योगिता मॅडम सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत मोखाड्यात होत्या. तालुक्यातल्या आम्हा आशांना शिकवायला आल्या होत्या. बाळंतपणानंतर बाई उदास झाली तर कसं ओळखायचं, घरात पिणारा माणूस असला तर बायकोशी कधी बोलायचं, असं सगळं. मी पुढच्या रांगेत बसले होते. दुपारी आम्ही एकत्र जेवलो. माझ्या डब्यातली नागलीची भाकरी त्यांनी अर्धी खाल्ली. मी दिपेशची बहीण आहे हे त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याशी तू जे बोलतोस ते तुझंच राहावं म्हणून.

घरी आल्यावर मला वाटलं, तू लिहिशील की आज केंद्र बंद होतं. तेवढं लिहिलं असतंस तर मला काहीच वाटलं नसतं. तू मात्र मॅडमच्या डोळ्यांत पाणी आणलंस, हातात चहाचा कप दिलास. बापाला मध्ये आणलंस. आपल्या बापाकडे कधी बैलगाडी होती, दिपेश? मजुरीवर गेलेल्या माणसाच्या हातात कसला कासरा?

मी तुला विचारत नाही की तू त्या दिवशी कुठे होतास. मला खोटं वाचायचं नाही. पुढचा मंगळवार पंचवीसचा आहे. तू स्वतः मॅडमना जाऊन सांग. सांगितलंस की मला कळव. नाही सांगितलंस तर मी सुदर्शनशेठला जाऊन माझा शब्द परत घेईन. एक तारखेच्या आत.

हे लिहिताना मला काही सुख होत नाही.

रंजना


दाभोसा
२६ फेब्रुवारी

बाय,

काल मॅडमना सांगितलं.

अठरा तारखेला मी केंद्रावर पोचलो तर दाराला कुलूप आणि कागद चिकटवलेला, आज बैठक नाही. आदल्या मंगळवारी त्यांनी सांगितलं असणार, मी ऐकलं नसणार. बाकीचे कोणी आलेच नव्हते. मी त्या पायरीवर बराच वेळ बसलो. परत यायचं तर गोदी विचारणार, इतक्या लवकर कसा? सात महिन्यांत पहिल्यांदा मला मंगळवारी कुठे जायचं ते कळेना. बाजारात फिरलो, डेपोच्या बाकावर बसलो, संध्याकाळच्या जीपने घरी आलो. तुला मुद्दाम फसवायचं म्हणून लिहिलं नाही. तू वाट बघत असशील असं वाटलं आणि पेन चालत गेलं. बैलगाडी कुठून आली ते मलाही माहीत नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, केंद्र बंद असेल त्या दिवशी काय करायचं हे आपण ठरवलंच नव्हतं, ते आता ठरवू. त्यांनी स्वतःचा नंबर दिला.

तुला खोटं लिहिलं त्याची माफी मागतो. शेठला सांगायचं असेल तर सांग, तुझा हक्क आहे.

दिपेश


बेहेडपाडा
१ मार्च

दिपेश,

तुझं पत्र काल मिळालं. खरं लिहिलंस, मला पुरे आहे. मी जरा जास्तच कडक लिहिलं. दाजी म्हणाले, तुला पोलिसात नोकरी मिळाली असती.

आज सकाळी शेठने तुला चावी दिली असं मोखाड्याहून आलेल्या बायांनी सांगितलं. जीप धुऊन, पुढे झेंडूची माळ लावून पहिली फेरी केलीस, हेही सांगितलं. आई असती तर तिने सगळ्या दाभोशाला सांगितलं असतं.

रुपीचे पाय सुजलेत. मी दिवसाआड जाते. तू मोखाड्यातच मुक्कामाला राहतोस ते बरं झालं, म्हणजे अर्ध्या तासात इथे पोचशील.

रंजना


बेहेडपाडा
११ मार्च

दिपेश,

रविवारी आपलं बोलणं झालं नाही. कदाचित यापुढेही होणार नाही. मी जे बघितलं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की असं नव्हतं.

अकराच्या सुमाराला रुपीला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स दुसऱ्या बाईला घेऊन गेली होती, यायला दीड तास लागणार होता. दाजी टेकडीवर चढून तुला फोन लावून आले. तू म्हणालास, निघालो. पावणेबाराला जीप पाड्यात आली. तोवर रुपी उंबऱ्याला धरून उभी होती, तिला बसवतही नव्हतं.

मी तुझ्यापाशी आले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तोंड उघड." मला माहीत आहे, तुला ते कसं लागलं असेल. तू तोंड उघडलंस. वास नव्हता. मी रुपीला मागे झोपवलं, करण तिच्या डोक्यापाशी बसला, मी पायांशी.

मोखाडा गेलं. पुढची वळणं सुरू झाली तशी रुपी ओरडायला लागली. मी तिचा हात धरून होते, रस्त्याकडे माझं लक्ष नव्हतं. आणि मग जीप थांबली. मला वाटलं पंक्चर. तू खाली उतरलास, चावी काढून बॉनेटवर ठेवलीस आणि म्हणालास, "माझ्याकडून होणार नाही."

एवढंच. जव्हार अजून पंधरा किलोमीटर. रुपीचं पाणी गेलेलं. करण तुझ्या अंगावर धावला, मी त्याला धरलं. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलास. कोबीच्या गोण्या भरलेला पिकअप आला, तो तुझ्या अंगावर येता येता थांबला. त्याने चार गोण्या रस्त्याकडेला टाकल्या आणि आम्ही रुपीला उचलून वर घेतलं. तू तिच्या पायांकडून धरलं होतंस. आमच्याबरोबर वर मात्र चढला नाहीस. मला वाटलं, घाबरला.

दवाखान्यात पोचल्यावर पाऊण तासात मुलगी झाली. बाळाने रडायला वेळ लावला. तेवढ्या वेळात मी तुला मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. दोघी आता बऱ्या आहेत.

पाड्यावर सगळे म्हणतात, आशाच्या भावाने बाळंतिणीला रस्त्यात टाकलं. मी काय उत्तर देऊ? शेठ म्हणतो, तू चावी त्याच्या माणसाकडे दिलीस आणि निघून गेलास. गोदीचा निरोप आला, घरी आलेला नाहीस. हे पत्र तिच्याकडेच पाठवते.

सात वर्षं जीप चालवलीस, नंतर दारूपायी सोडावी लागली. आता परत मिळाली, आणि ज्या दिवशी खरी गरज होती त्या दिवशी तुला भीती वाटली. तू कुठेही असशील तिथून एवढंच लिही, का?

रंजना


जव्हार
१४ मार्च

बाय,

गोदीने पत्र आणून दिलं. मी जव्हारला आहे, केंद्राच्या ओळखीच्या एकाकडे. सगळं पहिल्यापासून लिहितो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

अठरा फेब्रुवारीला मी डेपोच्या बाकावर बसलो हे खरं. त्यानंतर बाजारामागच्या गल्लीत गेलो आणि प्यालो हे लिहिलं नव्हतं. एकच पेला. घरी पोचेपर्यंत उतरली होती, गोदीला कळलं नाही. पंचवीसला मॅडमना केंद्र बंद होतं ते सांगितलं, प्यालो ते सांगितलं नाही. तुझं माफीसारखं पत्र आलं तेव्हा मला वाटलं की सुटलो. खरं म्हणजे तिथेच अडकलो. सात महिने मोडले होते आणि ते फक्त मला माहीत होतं. दर मंगळवारी गटात दिवस मोजून सांगायचे असतात. चार मार्चला मी दोनशे बत्तीस म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी जिव्या आला. शिमग्यासाठी भट्टीवरून गावी चालला होता. त्याच्या पिशवीत बाटली होती. रविवारची फेरी नव्हती. मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदाही नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही, नुसता पेला भरून माझ्यासमोर ठेवला. मी अर्धा प्यालो. तेव्हा साडेदहा झाले असतील. सव्वाअकराला दाजींचा फोन आला.

मी सांगू शकलो असतो की गाडी बिघडली आहे. शेठला फोन करून दुसरा ड्रायव्हर पाठव म्हणू शकलो असतो. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. मी विचार केला, अर्धाच तर पेला आहे, यापेक्षा किती तरी जास्त पिऊन मी ही वळणं काढलेली आहेत. तोंड धुतलं, चार लवंगा चघळल्या आणि निघालो. तू तोंड उघड म्हणालीस तेव्हा माझ्या मनात एकच आलं, देवा, हिला कळू दे. आणि लगेच दुसरं, कळू नको देऊ.

मोखाड्याच्या पुढे तिसऱ्या वळणावर मी उजवीकडे गेलो. मला वाटत होतं की मी माझ्या बाजूला आहे. समोरून मोटरसायकल आली, त्यावर बाप आणि मागे त्याला धरून बसलेली लहान मुलगी. मी गाडी ओढली. त्यांच्यात आणि माझ्यात एक हात अंतर राहिलं असेल. तुम्हाला मागे फक्त हिसका बसला. त्यानंतर मी एक किलोमीटर चालवली, आणि त्या एका किलोमीटरमध्ये पायाला ब्रेक कुठे आहे ते शोधावं लागत होतं. पुढे याहून वाईट वळणं होती. मी थांबलो.

मला भीती वाटली, हे तुझं बरोबर आहे. पण रस्त्याची नाही.

पिकअप गेल्यावर मी त्या गोण्यांजवळ बसलो. शेठच्या माणसाला चावी दिली. चालत जव्हारला आलो. सोमवारी सकाळी मॅडम केंद्र उघडायला आल्या तेव्हा मी पायरीवर होतो. म्हणाल्या, आज मंगळवार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी दार उघडलं आणि मी सगळं सांगितलं, दोनशे बत्तीससकट. डॉक्टरांना फोन करून त्यांनी औषध बदलून घेतलं. मंगळवारी गटात मी परत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दिवस आता एकपासून. मी एक म्हणालो. यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत, कोणीतरी नुसतं पाणी दिलं.

हे पत्र तुझ्याकडे राहू दे. करणला दाखवायचं असेल तर दाखव. पोलिसात द्यायचं असेल तर दे. मी खोटं आहे म्हणणार नाही.

आज चार.

दिपेश


बेहेडपाडा
१९ मार्च

दिपेश,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आपल्याकडे ठेवू, कशाला वाढवतेस. मी दोन दिवस ते पत्र रजिस्टरात घालून फिरले. रुपीच्या घरी बाळाचं वजन करायला गेले, वजन लिहिलं, आणि पत्र तसंच घेऊन परत आले.

मग मला माझीच एक गोष्ट आठवायला लागली. अकरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं की वास नव्हता. तसं नाही. लवंगेचा वास होता. माणूस फेरीवर नसताना भर दुपारी लवंगा का चघळतो, हे तुझ्या बहिणीला कळू नये का? मला कळत होतं. पण मागे रुपी ओरडत होती, आणि मी स्वतःला सांगितलं, दात दुखत असेल. तू खोटं बोललास, मी ते वाकून उचललं आणि तिला तुझ्या गाडीत झोपवलं.

म्हणून काल गेले. करण घरी होता. मी तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि लवंगेचं माझं मी सांगितलं. करण उठून दारात जाऊन उभा राहिला, पाठ करून. रुपी बाळाला पाजत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला वास आला होता. गाडीत चढतानाच आला. बोलले असते तर तू गाडी परत पाठवली असतीस, आणि दुसरी गाडी नव्हती."

दिपेश, मला तिथे बसवेना.

करणने पोलिसात जायचं नाही म्हटलं. पण तू या पाड्यावर पाय ठेवायचा नाहीस, हे त्याने दोनदा सांगितलं. मी हो म्हणाले. तू येऊ नकोस, माझ्या घरीसुद्धा नको. त्याचा राग बरोबर आहे आणि तो किती दिवस टिकेल हे त्याने ठरवायचं आहे.

शेठकडे जाऊन शब्द परत घेतला. त्याने नवीन ड्रायव्हर ठेवलाय, अडलेल्या बाईसाठी जीप आधी, हे माझं बोलणं तो आता धरत नाही. त्या कोबीवाल्याचा नंबर घेतला, मोखाड्यातल्या आणखी दोघांशी बोलले. तिन्ही नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर गेरूने मोठे लिहिलेत. पुढच्या बाईसाठी एका माणसावर विसंबायचं नाही, मग तो माझा भाऊ असो की कोणी असो.

तू थांबलास म्हणून बाळ धरून गाडीतली पाच माणसं जिवंत आहेत. तू निघालास म्हणून ती मरणार होती. मला यातलं एक धरून दुसरं सोडता येत नाही. मी प्रयत्न केला.

गोळ्या वेळेवर घे.

रंजना


दाभोसा
२६ मार्च

बाय,

पत्र आल्यापासून मी बंधाऱ्याच्या कामावर जातो. गोदी बरोबर येते. तिला सगळं सांगितलंय. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी टोपलं उचलताना म्हणाली, उद्यापासून तू पुढे चाल, मला दिसत राहा. तसं चालतो.

काल तुझं पत्र गटात वाचायला परवानगी मागितली. रुपी जे बोलली तिथपर्यंत आलो आणि पुढे वाचता येईना. आत गेल्यावर मॅडमनी विचारलं, काय वाटतंय? मी खरं सांगितलं, मला रुपीचा राग आला. तिने ओळखलं होतं तरी बसली. तू ओळखलंस तरी बसवलंस. तुम्हा दोघींपैकी कोणी मला उतरवलं असतं तर, असं मी बराच वेळ बोलत राहिलो. मॅडम ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्या दोघींकडे दुसरी गाडी नव्हती. तुझ्याकडे दुसरं काय होतं?"

मी म्हटलं, फोन होता. तुमचा नंबर होता.

त्या माझ्याकडे बघत होत्या. मीही पंख्याकडे बघितलं नाही.

पाड्यावर येणार नाही. करणला सांग, मी ऐकलं. रुपीला माझ्याकडून काही सांगू नकोस, माफीसुद्धा नको. ती तिला ऐकावी लागेल, आणि तेवढंही ओझं तिच्यावर नको. मुलीचं नाव ठेवलं असेल तर फक्त मला कळव. कळवावंसं वाटलं नाही तर राहू दे.

सोळा दिवस झाले. आज बुधवार आहे. पुढचा मंगळवार अजून सहा दिवसांवर आहे, आणि मी कामावर निघालोय. गोदी मागे आहे.

दिपेश